आसानच्या किनाऱ्यावरचं पोर

साइपान
२ एप्रिल १९९४

रुफिनाताई,

पाकिटावरचं नाव वाचूनही तुम्ही हे फोडलंत, म्हणजे माझं अर्धं काम झालं. तीनदा फोन केला. दोनदा 'साइपानहून बोलतोय' एवढं म्हणेपर्यंत तुम्ही ठेवून दिलात, आणि तिसऱ्यांदा तर मी तोंड उघडायच्या आतच. शेवटी माझी बायको लुर्दिस म्हणाली, पत्र लिही, पत्र काही कानावर आपटता येत नाही.

मी इसिद्रो आल्दान. ग्रेगोरिओ आल्दान यांचा थोरला मुलगा. म्हणजे तुमच्या आईच्या सख्ख्या धाकट्या भावाचा मुलगा, तुमचा मामेभाऊ. साइपानहून ग्वामला विमान चढतं न चढतं तोच उतरायला लागतं, आणि सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी आत्याला एकदाही पाहिलेलं नाही.

बाबा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, या वयात कापाकापीत अर्थ नाही, खाऊ वाटेल ते खाऊ द्या. खायचं म्हटलं तर त्यांना काही जात नाही. मागत मात्र ते एकच गोष्ट बसलेत, की मला आसानला न्या. तिथं आता चव्वेचाळीसच्या अमेरिकन-जपानी लढाईची आठवण म्हणून मोठं पार्क झालंय, जुलैत पन्नास वर्षं पुरी होतायत, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. सोहळा त्यांना नकोच आहे. तो किनारा एकदा बघायचाय आणि बहिणीसमोर तासभर बसायचंय, बस.

आमच्या घराबद्दल तुमच्या गावात काय बोलतात ते मला ठाऊक आहे. साइपान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं, आणि अमेरिकेकडून ग्वाम घेतल्यावर जपान्यांनी बाबांना तिकडे दुभाषे म्हणून नेलं. लढाईनंतर अमेरिकनांनी त्यांना वर्षभर तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, हेही आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. तुमच्याकडे उतरायचा आमचा विचार नाही, हॉटेल घेऊ. तुम्ही फक्त दार उघडा.

आत्याला माझा नमस्कार सांगा. सांगावासा वाटला तरच.

इसिद्रो


आसान, ग्वाम
१४ एप्रिल १९९४

इसिद्रो,

तुझ्या बायकोला सांग, पत्रही आपटता येतं. मी ते आपटलं. ते नेमकं आईच्या पलंगाखाली गेलं. काढायला वाकले, कंबर धरली, तिथंच बसून राहावं लागलं, आणि बसलेच आहे तर वाचलं.

उत्तर 'नाही' असं आहे. येऊ नका.

एवढ्यावर पत्र संपवणार होते, पण तुला कळायला हवं की तू कुठल्या घराचं दार वाजवतोयस. मी या गावची तेचा आहे. कुणी गेलं की माणसं आधी मला बोलावतात आणि मग पेटीवाल्याला. नऊ दिवस रोज संध्याकाळी त्यांच्या घरी बसून मी रोझरी सांगते. अर्धं गाव मी वर पोचवलंय. वडिलांची रोझरी मी सांगितली, नवऱ्याची सांगितली. माझ्या भावाची मात्र नाही.

देल्फिन सोळा वर्षांचा होता. चव्वेचाळीसच्या जुलैत जपान्यांनी त्याला डोंगरात भुयारं खणायला नेलं आणि आम्हा बायका-पोरांना म्हाताऱ्यांसकट मानेन्गोनच्या छावणीकडे गुरांसारखं हाकललं. लढाई संपल्यावर परत आलो तेव्हा गावच नव्हतं आणि देल्फिनही नव्हता. बाकीच्यांची प्रेतं सापडली, नाहीतर कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. याला कुणी पाहिलं नाही. तेव्हापासून आईचं एकच, 'मेलेला कुणी पाहिलाय?' दरवर्षी मी विचारते, दरवर्षी ती म्हणते, जित्या माणसाची रोझरी सांगशील तर जीभ झडेल तुझी. आता ती सत्त्याऐंशीची आहे. पुढचा नाताळ बघेल असं मला वाटत नाही. ती अशीच गेली तर तिथं वरही त्याला शोधत फिरेल, आणि इथं त्याच्यासाठी कुणी हात जोडलेले नसतील ते नसतीलच. मला झोप येत नाही ती यानं. दुसरं मला काही दुखत नाही, कंबर सोडून.

अशा घरात तुझा बाप येणार! जपानी शिपाई शिवी द्यायचा ती आम्हाला कळायची नाही. तुझा बाप ती आपल्या भाषेत करून द्यायचा. म्हणून गावाला जपान्यांचे चेहरे आठवत नाहीत आणि दुभाष्यांचे आठवतात.

आणि ते पार्क, पार्क काय लावलंयस? ते आमचं गाव होतं. त्या हिरवळीखाली आमची चूल आहे. लढाईनंतर अमेरिकनांनी सगळ्यावर बुलडोझर फिरवला आणि आम्हाला रस्त्यापलीकडे आत ढकललं. आता तिथं गवत इतकं सुंदर कापतात की जपानी नवरानवरी लग्नाचे फोटो काढायला येतात. एक पाटी आहे, 'जमिनीत काही सापडल्यास उचलू नये. खणू नये.' दर वेळी ती पाटी वाचली की माझं डोकं फिरतं.

आईला तुझा नमस्कार सांगितलेला नाही.

रुफिना


साइपान
३ मे १९९४

रुफिनाताई,

तुमचा नकार बाबांना सांगितला. ते म्हणाले, बरोबर आहे तिचं. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मी पुन्हा विचारणार नाही. पण तुमचं पत्र वाचल्यापासून काही डोक्यातून जात नाही, ते लिहितो. मी इथं टूरवाल्यांची बस चालवतो. जपानहून म्हातारी माणसं येतात. त्यांना मी उत्तरेच्या कड्यांवर नेतो, जिथून अमेरिकन चालून आले तेव्हा त्यांच्या बायकांनी पोरांना कडेवर घेऊन उड्या टाकल्या. काही जण मागच्या डोंगरात जातात, गुडघ्यांवर बसून हातांनी माती उकरतात. हाड सापडलं की रडतात. ते हाड कुणाचं हे त्यांनाही माहीत नसतं. मग समुद्राकाठी लाकडं रचून सगळी हाडं जाळतात आणि राख घरी नेतात. मी बसमध्ये गार हवा चालू ठेवून वाट बघतो. परत येताना ते मला वाकून नमस्कार करतात आणि बक्षीस देतात. आपल्या माणसांना शोधायला असं विमान भरून कुणी येत नाही हो. देल्फिनदादाचं वाचलं आणि त्या दिवशी मला गिऱ्हाइकांशी नीट बोलता येईना. लुर्दिस म्हणाली, बरंच झालं, एरवी फार बोलतोस.

बाबांची बाजू मी घेणार नाही. माझीच त्यांच्याशी कधी सलगी नव्हती. आपल्याकडे मोठं माणूस दिसलं की लहानानं त्याचा हात घेऊन नाकाशी लावायचा, वीतभर पोरालाही हे शिकवावं लागत नाही. आमच्या बाबांनी आम्हाला कधी हात दिला नाही. शेजाऱ्यांची पोरं वाकली की हे हात पाठीमागे न्यायचे. लोक म्हणायचे, गोरिओला माज आहे. आम्हाला वाटायचं, आम्ही त्यांना आवडत नाही.

हे तुम्हाला का सांगतोय कळत नाही. सांगावंसं वाटलं.

इसिद्रो


आसान
२० मे १९९४

इसिद्रो,

तुझी बायको शहाणी दिसते. तू नाहीस, पण खोटाही वाटत नाहीस. आणि ते 'तुम्ही तुम्ही' बंद कर, मी काही गव्हर्नरीण नाही. घरचे मला तू म्हणतात.

एक काम कर. तुझे वडील त्या जुलैत आसानकडेच होते, हे इथल्या दोघा म्हाताऱ्यांनी मला सांगितलंय. मजुरांच्या टोळीवर तेच असायचे. त्यांना विचार, देल्फिन दिसला होता का? बेचाळीस साली मामा पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा देल्फिननं त्यांना पाहिलं होतं, त्यांच्यासाठी नारळ उतरवले होते. पुढे अंगावर जपान्यांचे कपडे दिसले तेव्हा वडिलांनी त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. म्हणजे चेहरा दोघांना ठाऊक होता.

कसा गेला ते नाही सांगितलं तरी चालेल. 'पाहिला' एवढा एक शब्द आण. तेवढ्यावर मी आईशी भांडू शकते. गोड बोलून विचार, नाहीतर हलवून विचार, पण विचार.

रुफिना


साइपान
१ जून १९९४

रुफिनाताई,

विचारलं. बाबांना काही आठवत नाही. वयही झालंय आणि औषधांची गुंगी असते. टोळीत खूप पोरं होती, सगळी सारखीच दिसायची, असं म्हणाले. तुझी निराशा होणार हे माहीत आहे. माफ कर.

इथं पन्नास वर्षांच्या सोहळ्याची तयारी चाललीय, बस रोज भरलेली असते. म्हणून थोडक्यात लिहितो.

इसिद्रो


आसान
१८ जून १९९४

इसिद्रो,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी परसात जाऊन रडले, ते असो. त्यानंतर इथं जे झालं ते तुला कळवणं भाग आहे.

आई आठवड्यापूर्वी न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ती उतरत चाललीय. जेवण म्हणजे अळूच्या पानाचं दोन चमचे कालवण. फादर येऊन गेले. त्यांच्यादेखत मी पुन्हा विषय काढला. तिनं फादरनाच झापलं, की पोरगा परत आला आणि त्यानं स्वतःचीच रोझरी ऐकली तर त्याला काय तोंड दाखवाल?

मग परवा उशा बदलताना तुझं पाकीट खाली पडलं. आईला वाचता येत नाही, पण तिकिटावरचा शिक्का तिनं बरोबर ओळखला. म्हणाली, "गोरिओ आहे का अजून?"

पन्नास वर्षांत तिनं हे नाव तोंडातून काढलेलं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, आहे, पण फार दिवसांचा नाही. तर म्हणाली, "बोलाव त्याला. तो तेव्हा डोंगराकडे होता. त्याला ठाऊक असेल." मी म्हटलं, त्यांना काही आठवत नाही असं मुलानं लिहिलंय. यावर ती हसली रे. महिन्याभरात पहिल्यांदा हसली. म्हणाली, "गोरिओ विसरेल? आई गेली, काका त्याला साइपानला न्यायला आले, तेव्हा हा सहा वर्षांचा. धक्क्यावर रडायला लागला म्हणून मी त्याला कासव देईन म्हणाले होते. एकवीस वर्षांनी दारात उभा राहिला आणि पहिलं काय विचारलं? माझं कासव कुठाय."

तेव्हा आता मी म्हणत नाही, आई म्हणते म्हणून लिहिते, मामांना घेऊन ये. त्यांना आठवत नसेल तर नसो. नुसते समोर बसू देत.

रुफिना


साइपान
२६ जून १९९४

ताई,

मी खोटं लिहिलं होतं. बाबांना सगळं आठवतं. मेच्या अखेरीस मी विचारलं तेव्हाच त्यांनी सांगितलं, आणि मी ते गिळलं. तुला कळलं तर तू त्यांना आत्याच्या उंबऱ्यालाही शिवू देणार नाहीस आणि ते तसेच जातील, असा माझा हिशेब होता. परवा तुझं कासवाचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून ते म्हणाले, "लिहून टाक तिला." म्हणून लिहितोय. आत्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. हे वाचायच्या आधी खाली बस.

अमेरिकन जहाजांच्या तोफा सुरू झाल्या होत्या. जपानी अधिकाऱ्यांची डोकी ठिकाणावर नव्हती. रात्रीतून टोळीतले दोघं पळाले. सकाळी उरलेल्यांना नदीच्या तोंडाशी रांगेत उभं केलं आणि बाबांना हुकूम झाला, एकेकाला विचार, ते दोघं कुठं आहेत. देल्फिन रांगेत आहे हे बाबांना माहीत होतं. आदल्या दिवशी त्यांनी त्याला पाहिलं होतं आणि मुद्दाम तोंड फिरवलं होतं. दुभाष्याचा भाचा आहे असं कळलं असतं तर दोघांवरही संशय आला असता. साइपानच्या माणसांवर जपान्यांचा तरी कुठं विश्वास होता?

विचारत विचारत बाबा त्याच्यासमोर आले. आणि ताई, त्यानं त्यांचा हात घेतला. वाकला आणि नाकाशी लावला. पाठीवर वळ होते, दोन दिवस पोटात काही नव्हतं, शेजारी तलवार घेऊन माणूस उभा होता, आणि मामा समोर आले म्हणून त्यानं हात घेतला. "मामा" म्हणाला.

बाबांनी हात ओढून घेतला. अधिकाऱ्यानं विचारलं, हा कोण तुझा? बाबा म्हणाले, कुणी नाही, इथल्या लोकांची सवय आहे ती, म्हाताऱ्यांना करतात. अधिकारी म्हणाला, तू म्हातारा नाहीस.

मग देल्फिनला रांगेबाहेर काढलं. पळालेल्यांचा ठावठिकाणा याला माहीत असणार आणि मामालाही सांगितलेला असणार, असं त्या माणसाच्या डोक्यात बसलं. तोच प्रश्न बाबांकडून त्याला परत परत विचारायला लावला. त्याला माहीत नव्हतं. पुढचं मी लिहीत नाही. बाबांनी सांगितलं, मी ऐकलं, ते आमच्या दोघांत राहू दे. ते पटकन झालं एवढं मात्र ते शपथेवर सांगतात. त्याला पुरायचं कामही बाबांनाच दिलं. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर नदीच्या डाव्या हाताला, नीरफणसाच्या झाडाखाली.

हात ते आम्हाला का देत नव्हते, ते मला आता कळलं. इतकी वर्षं मनात त्यांना किती बोललो असेन.

ते माफी मागायला येत नाहीयेत. तेवढं तोंड त्यांना नाही, असं तेच म्हणतात. त्यांना जागा दाखवायचीय, कारण ती माहीत असलेलं दुसरं कुणी उरलेलं नाही. आता तू सांगशील तसं.

इसिद्रो


आसान
५ जुलै १९९४

इसिद्रो,

वाचलं. तू बस म्हणालास, मी उभ्यानंच वाचलं, मग बसले.

आईला सांगितलेलं नाही. जे बोलायचं ते त्यांनीच तिच्यासमोर बोलावं, माझ्या तोंडून नको. एकदा आयुष्यात दुभाष्याविना होऊ दे.

मामांना पाठव. बाराव्या तारखेला, म्हणजे सोहळ्याची गर्दी सुरू व्हायच्या आत. तू येऊ नकोस. राग तुझ्यावर नाही, पण एका वेळी मला तुम्ही दोघं झेपणार नाही. लुर्दिस येऊ दे बरोबर.

रुफिना


आसान
२३ जुलै १९९४

इसिद्रो,

लुर्दिसनं तुला वरवरचं सांगितलं असेल. पार्कमध्ये ती बिचारी गाडीपाशी थांबली होती, तिला आमचं बोलणं ऐकू गेलं नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आईला चाकाच्या खुर्चीतून नेलं. मामा आधीच येऊन थांबले होते. इतका वाळलेला माणूस मी मेलेल्यांतच पाहिलाय. ते आईसमोर आले आणि धाकट्या भावासारखे वाकले, तिचा हात घ्यायला. आईनं दोन्ही हात शालीखाली घेतले. मामा तसेच थोडा वेळ वाकून राहिले, मग त्यांनाच सरळ होता येईना. मी धरून उभं केलं. त्यांना शिवायचं नाही असं मी घरून ठरवून निघाले होते.

त्यांनी सगळं सांगितलं. तुझ्या पत्रात होतं तेच, आणि तू गाळलंस तेही. आई समुद्राकडे बघत होती. पलीकडे पतंग उडत होते, कुणाचा तरी कुत्रा सारखा भुंकत होता. सांगून झाल्यावर मामा जागा दाखवायला उठले, आणि इसिद्रो, त्यांना जागा सापडेना. नीरफणस नाही. नदीला सिमेंटच्या काठात बसवलंय, तिचं तोंडही सरकवलंय. उंचवटे नाहीत, खड्डे नाहीत, नुसतं गवत. "इथं," म्हणाले. मग चार पावलं जाऊन, "नाही, इथं." मग डोंगराकडे बघून परत मागे आले. स्वतःभोवती फिरायला लागले. पार्कचा एक माणूस आला, चांगला होता बिचारा, विचारायला लागला, आजोबांचं काही हरवलंय का? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, सापडलेल्या वस्तू ऑफिसात जमा असतात.

तेव्हा आई बोलली. "त्या पोरानं तुझा हात घेतला?"

"हो, ताई."

"नाकाशी लावला?"

"हो."

"मग तो देल्फिन नव्हे. माझा देल्फिन कुणाचा हात घेत नसे. उर्मट होता मेला. किती मारलाय मी त्यावरून."

हे धादांत खोटं. आमच्या देल्फिनसारखा हात घेणारा गावात दुसरा नव्हता. मी लहान होते, लाजायचे, तर माझं मानगूट धरून तो मला एकेका म्हातारीच्या हातावर वाकवायचा. आईला हे माहीत आहे आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत आहे. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईची शाल नीट करायला लागले.

ते म्हणाले, "ताई, देल्फिनच होता. मला मामा म्हणाला."

आई म्हणाली, "पोरं कुणालाही मामा म्हणतात. चल गं, ऊन चढलं."

घरी येईपर्यंत मी धुमसत होते. पन्नास वर्षांनी एक माणूस मरत मरत येऊन खरं सांगतो आणि ही बाई ते झुरळासारखं झटकून टाकते! ती गेल्यावर मी काय करायचं? तिला पलंगावर निजवताना मी जरा जोरातच निजवलं. तर डोळे मिटूनच म्हणते, "त्या पोराची रोझरी कुणी सांगितली असेल का गं?"

"कुठल्या पोराची?"

"गोरिओनं पुरलं त्या. असेल ना कुणाचं तरी. तू सांग. आपल्याच घरी सांग."

दुसऱ्या दिवसापासून सुरू केली. अंगणात मांडव घातला, खुर्च्या मांडल्या. शेजारणी विचारायला आल्या, कोण गेलं? आईनं आतून ओरडून सांगितलं, "किनाऱ्यावरचं एक पोर." शेजारची तोमासा मला बाजूला घेऊन म्हणते, "अगं, पण रोझरीनंतरच्या जेवणाला लाल भात किती माणसांचा करू? त्याच्याकडचे कुणी येणार आहेत का?" मला हसू आलं आणि मग हुंदका आला, तर तिला वाटलं मला वेड लागलंय. पण माणसं आली. आपल्याकडे रोझरी आहे म्हटलं की टोप घेऊन येतातच. मामाही रोज यायचे, फाटकाजवळच्या खुर्चीत बसायचे. आईनं त्यांना आत बोलावलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. गावातल्या कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. तोमासा तेवढी ताट नेऊन द्यायची.

आई पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत बसली. ती खुर्ची गेलेल्याच्या आईची असते. सगळ्यांच्या लक्षात आलं. मी रोज म्हणायचे, 'प्रभू, या किनाऱ्यावरच्या पोराच्या आत्म्याला चिरशांती दे.' सगळे उत्तर द्यायचे. आईचे ओठ हलायचे नाहीत. पाचव्या संध्याकाळी हलायला लागले. आठव्या दिवशी तिनं काळा झगा मागितला, वडिलांच्या वेळी घातला होता तो. तो तिला आता इतका ढगळ होतो की मला पाठीमागे पिना लावाव्या लागल्या.

परवाचा दिवस शेवटचा होता, एकविसावी तारीख. खाली पार्कमध्ये सोहळा होऊन गेला होता, बँड वाजला, तोफा झाल्या, आमच्याकडे सगळं ऐकू येत होतं. संध्याकाळी माझ्या अंगणात मावेनात इतकी माणसं झाली. शेवटच्या प्रार्थनेशी मी आले आणि रोजच्यासारखं म्हणाले, 'प्रभू, या किनाऱ्यावरच्या पोराच्या...'

"नाव घे त्याचं," आई म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. मी हातातली माळ धरून तशीच उभी.

"घे की नाव. किती दिवस बिननावाचं ठेवणार आहेस माझ्या पोराला?"

मी नाव घेतलं. देल्फिन नापुती म्हटलं. माझा आवाज फुटला, पण सगळ्यांनी उत्तर दिलं, आणि सगळ्यांत आधी आईनं दिलं. मामा फाटकाशी होते. त्यांनी उत्तर दिलं की नाही, ते लुर्दिसला विचार. मी तिकडे पाहिलं नाही.

रुफिना